नवा खाऱ्या पाण्याचा टँक : सायकल लवकर कशी उरकायची?

खारट_ठाणेकर · ८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यात १५ वर्षं काढली, गप्पीपासून डिस्कसपर्यंत सगळं पाळून झालं. यंदा दिवाळीच्या बोनसला पाय फुटले आणि खारं पाणी घरात आलं.

टँक ३ बाय दीड बाय दीड फूट, खाली छोटा संप (फिल्टरची टाकी), दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. सुका दगड १८ किलो, आरागोनाइटची वाळू, आरओचं पाणी, घनता १.०२५, तापमान २६. पाणी भरून आज ११वा दिवस. सायकलसाठी, म्हणजे माशांचा अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वसावेत म्हणून, रोज चिमूटभर मासेखाद्य टाकतोय. बाटलीतले बॅक्टेरिया एकदा, झाकणभर. अमोनियाची टेस्ट रोज करतो; रंग पिवळा की हिरवट यावर घरात मतभेद आहेत. नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य.

अडचण अशी की दुकानात क्लाउनफिशची जोडी बघून ठेवलीय, ५०० रुपये टोकन दिलंय. दुकानदार म्हणतो दोन आठवडे ठेवीन, पुढे नाही. बायको म्हणते, रिकाम्या मिठाच्या पाण्याला दिवा लावून रोज काय बघत बसतोस?

तर सायकल वेगात करायचा खात्रीचा उपाय सांगा.

---

जुना_जाणता · ८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

दोन डॅमसेल सोडा. स्वस्त मासा, मरत नाही. आम्ही सगळ्यांनी असंच केलं.

---

दर्याकाका · ९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

जाणते, मीही असंच केलं होतं. मरत नाही हे खरं, पण म्हणून त्याला अमोनियात उकडत ठेवायचं हा न्याय कुठला? आणि जगला की टँक त्याच्या बापाचा. मी दोन वर्षं त्या एका निळ्या गुंडाला पकडायला धडपडलो. शेवटी सगळा दगड बाहेर काढून बादल्यांत ठेवला, पाणी वीतभरावर आणलं, तेव्हा कुठे हाती लागला. मधल्या काळात त्याने दोन गरीब मासे मारले होते.

ठाणेकर, तुमच्या टँकमध्ये वेग वाढवायला अजून काही सुरूच झालेलं नाही. दूध ठेवलंय, विरजण लावलं नाही आणि दही कधी लागेल म्हणून विचारताय.

गोड्या पाण्यात तुम्ही हे केलंय, तरी नव्याने वाचणाऱ्यांसाठी लिहितो. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच होतो. बॅक्टेरियांची एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी टोळी नायट्राइटचं नायट्रेट. पहिलीने वाढल्याशिवाय दुसरीच्या ताटात काही पडत नाही, म्हणून आलेखात आधी एक टेकडी दिसते आणि मग दुसरी. दोन्ही टोळ्या पाण्यात तरंगत नाहीत, दगडाला, वाळूला, स्पंजला चिकटून राहतात. पुढे दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे तिसरेच जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. पण ते महिन्यांचं काम, त्याची वाट आज बघू नका.

वाढीचा वेग बघा. दह्याचे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात, म्हणून रात्री लावलेलं सकाळी तयार. या मंडळींना दुप्पट व्हायला बारा तासांपासून दिवसभर लागतो, दुसऱ्या टोळीला कधी त्याहून जास्त. सुक्या दगडावर काही न करता चार ते सहा आठवडे लागतात ते यामुळे.

खाऱ्या पाण्यात एक वाईट गोष्ट आणि एक चांगली. वाईट ही की पीएच ८.२च्या आसपास असतो आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. डिस्कसच्या साडेसहा पीएचला जो आकडा तुम्ही हसत खपवला असता, तोच इथे माशाच्या जिवावर येतो. चांगली ही की नायट्राइट इथे बरंच कमी बाधतं. ते कल्ल्यांतून क्लोराइडच्याच वाटेने आत शिरतं आणि समुद्राच्या पाण्यात क्लोराइडची इतकी गर्दी असते की त्याला वाट मिळत नाही. गोड्या पाण्यात नायट्राइट वाढलं की आपण मीठ टाकतो, तोच प्रकार.

आता वेगाचं. चालू असलेल्या खाऱ्या टँकच्या फिल्टरमधला स्पंज, सिरॅमिक रिंगा किंवा मूठभर दगडाचे तुकडे आणा. याच्या तोडीचा उपाय दुसरा नाही. सायकल संपेपर्यंत तापमान २८-२९ ठेवा, मग हळूहळू उतरवा. वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) पूर्ण जोरात, म्हणजे ऑक्सिजन मिळेल. दिवा बंद, म्हणजे शेवाळाला आमंत्रण नको (आणि वहिनींचा प्रश्नही मिटेल). जंतू मारणारा यूव्ही दिवा असेल तर तोही बंद.

---

पुणेरी_प्रवाळ · ९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

काकांना +१, वाखुसा (वाचनखूण साठवली).

तापमानाचं अनुभवाने सांगतो. डिसेंबरात पुण्यात माझा टँक हीटरविना २१ वर आला होता आणि सायकल नुसती रेंगाळली. हीटर लावून २८ केल्यावर आठवड्यात हालचाल दिसली. मुंबई-ठाण्याला उलट त्रास, एप्रिल-मेमध्ये ३२ जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे तिशीच्या वर नेण्यात फायदा नाही.

बाकी दुकानदाराला सांगा, जोडी तुझ्याकडेच महिनाभर ठेव, खाण्याचे पैसे देतो.

---

गप्पीप्रेमी · ९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

भाबडा प्रश्न. ठाणेकरांच्या डिस्कस टँकमध्ये १५ वर्षांच्या मुरलेल्या रिंगा असतील ना? त्याच टाकल्या तर?

---

दर्याकाका · ९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

बरेच जण करून बघतात. गोड्या पाण्यातून एकदम ३५ ग्रॅम प्रति लिटर क्षारांत पडल्यावर बहुतेक सगळे कोलमडतात. जे तग धरतात त्यांना सावरायला इतका वेळ लागतो की तोवर खाऱ्या पाण्याच्या सवयीचे बॅक्टेरिया पुढे निघून गेलेले असतात. शिवाय मेलेला चिखल कुजून अमोनिया होणार तो वेगळा.

---

खवय्या_नंबर१ · ९ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मालवणला दर मे महिन्यात जातो आम्ही. खडकातून छान भोकाभोकांचे दगड मिळतात, जिवंत. गाडीच्या डिकीत दोन पोती सहज येतील. फुकटात लाइव्ह रॉक.

---

देवबागचो · ९ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

दगड थंयच रवांदेत.

रागावून नाही सांगत, पण नीट वाचा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि अभयारण्याबाहेर उचललात तरी दगडावर प्रवाळ असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो. सगळी टणक प्रवाळं २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. डिकीत दोन पोती सापडली तर जामिनासाठी धावाधाव होईल. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे, दुकानात कुणी दिले तरी घेऊ नका.

आमच्याकडे पोटं स्नॉर्कलिंगवर चालतात. दगड गेला की मासा जातो, मासा गेला की पर्यटक.

---

खवय्या_नंबर१ · ९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

माहीत नव्हतं, माघार. मग बाजारातली एक कोळंबी टाका, कुजली की अमोनियाच अमोनिया.

---

कल्याण_खाडी · ९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

कोळंबीची पद्धत चालते. मी केली आहे. आमची सोसायटी शाकाहारी, टँक हॉलमध्ये, कोळंबी वाळूवर एका मोज्यात बांधून. चौथ्या दिवशी समोरच्या आजी विचारायला आल्या की तुमच्याकडे कुणी आजारी आहे का. पाचव्या दिवशी कोळंबी काढायला हात घातला तर मोज्यात फक्त कवच आणि शेंबडासारखं काहीतरी. अमोनिया किती झाला हे कळायला मार्ग नाही, पाणी दुधासारखं पांढरं, शिवाय कुजवणारे जिवाणूच ऑक्सिजन फस्त करतात.

ठाणेकर, माझा टँक चार वर्षांचा आहे, कसला रोग नाही. संपमधला एक स्पंज देतो, मूठभर दगडाचे तुकडेही देतो. डोंबिवलीला येऊन घेऊन जा. डबा आणा.

---

खारट_ठाणेकर · ९ नोव्हेंबर, रात्री ८:२५

दंडवत! बुधवारी येतो.

पण स्पंज आणला तरी त्यांना खायला काय देऊ? मासेखाद्याने तर काही होत नाहीये.

---

सांडपाणीवाली · ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

बऱ्याच दिवसांनी माझ्या धंद्याचा विषय निघाला म्हणून लॉग-इन केलं. मी एका एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवते. तुम्ही २०० लिटरमध्ये जे करताय तेच आम्ही रोज लाखो लिटरवर करतो, फक्त आमच्याकडे क्लाउनफिश नसतात.

खाद्य आधी कुजायला हवं, मग अमोनिया. दोन पायऱ्या कशाला? सरळ अमोनियम क्लोराइड द्या. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकायचा आणि भसकन पांढरा धूर यायचा तोच. मात्र कल्हईचा नवसागर वापरू नका, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानात प्रयोगशाळेच्या दर्जाची बाटली मिळते.

हिशोब : २०० लिटरमध्ये २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया हवा, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. अमोनियम क्लोराइडच्या वजनात अमोनियाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी, म्हणून सव्वा ग्रॅम लागेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सव्वा ग्रॅम मोजता येत नाही, तर साडेबारा ग्रॅम अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा आणि त्यातलं ५० मिलिलिटर टाका. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

विरजणाचाही हिशोब होतो. एका दिवसात दुप्पट धरलं, तर दहापट बॅक्टेरिया जास्त आणले की सव्वातीन वेळा दुप्पट होणं वाचतं. म्हणजे तीन-सव्वातीन दिवस. शंभरपट आणले तर जवळजवळ आठवडा. डोंबिवलीच्या स्पंजाची किंमत एवढी आहे.

२ पीपीएमच्या पुढे मात्र जाऊ नका. पाचाच्या वर गेलं की हेच बॅक्टेरिया अडखळायला लागतात.

---

शंकासुर · १० नोव्हेंबर, सकाळी १०:००

आणि बाटलीतले बॅक्टेरिया? सगळी फसवणूक आहे असं माझं ठाम मत. बंद बाटलीत महिनोन् महिने काय जगतं?

---

दर्याकाका · १० नोव्हेंबर, सकाळी ११:४५

ठाम मत पूर्वी माझंही होतं, आणि तेव्हा ते बरोबरही होतं. जुन्या बाटल्यांत नायट्रोबॅक्टर भरलेला असायचा, कारण पुस्तकात तसं होतं. विनोग्राड्स्कीने १८९०च्या सुमारास मातीतून हे जिवाणू वेगळे केले, तेव्हापासून मातीचंच ज्ञान टँकला लावलं जात होतं. टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइट खाणारा नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पिरासारखा दुसराच आहे. चुकीचं विरजण, मग दही कसं लागणार! आणखी गंमत म्हणजे २००५ साली सिएटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या टँकमधून अमोनिया खाणारा एक सूक्ष्मजीव निघाला, तो बॅक्टेरियाच नाही, आर्किया आहे (दिसायला तसाच, पण कूळच वेगळं). आपल्या टँकांतही ही मंडळी असतात आणि आपण त्यांना सरसकट बॅक्टेरिया म्हणतो.

आताच्या चांगल्या बाटल्या चालतात, पण त्या जिवंत माल आहेत. हे जिवाणू बीजाणू करून झोपी जाणारे नव्हेत. कुरिअरच्या टेम्पोत मे महिन्यात ४५ अंशांत बाटली चार दिवस फिरली की आत सूप. तारीख बघा, दुकानात फ्रिजमध्ये होती का विचारा, आणि झाकणभर कसली टाकता? लेबलवर जेवढी लिहिलीय तेवढी, एकदम. टाकल्यावर दोन दिवस स्किमर (हवेच्या फेसाने घाण काढणारं यंत्र) बंद.

---

शंकासुर · १० नोव्हेंबर, दुपारी १२:१०

स्किमर बंद ठेवला तर ऑक्सिजन कुठून मिळणार? स्वतःच्याच प्रतिसादाशी विसंगत.

---

दर्याकाका · १० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

दोन दिवस म्हटलंय हो. वेव्हमेकर वरच्या बाजूला वळवून पाण्याचा पृष्ठभाग खळबळता ठेवला की झालं.

---

खारट_ठाणेकर · १२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

अपडेट. स्पंज आला!

कल्याण_खाडी यांनी त्यांच्याच टँकच्या पाण्यात भिजवलेला स्पंज आणि ओंजळभर दगड दिले. डबा पूर्ण भरू दिला नाही, वर हवा राहू दे म्हणाले. लोकलमध्ये मांडीवर डबा, झाकण किलकिलं. शेजारच्या माणसाने दोन स्टेशनं सहन केलं आणि मग विचारलं, "सुकट का?" मी म्हटलं, बॅक्टेरिया. तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. बसायची जागा मिळवायचा हा मार्ग आधी माहीत असता तर!

स्पंज संपमध्ये, जिथे पाणी जोरात पडतं तिथे ठेवला. दगडाचे तुकडे मोठ्या दगडांच्या फटींत. हीटर २८ वर. अमोनियाचा पहिला डोस ५० मिलि. टेस्ट : २ पीपीएम, स्वच्छ हिरवा, घरात एकमत.

---

मस्कतकर · १३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

आम्ही इथे समुद्राचं पाणीच वापरतो. किनाऱ्यापासून थोडं आत जाऊन कॅन भरून आणतो. मुंबईत का नाही करत?

---

कल्याण_खाडी · १३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

माझं नाव वाचा आणि त्या खाडीचं पाणी डोळ्यांसमोर आणा.

गंमत सोडा, मुंबईचा किनारा गाळाचा आणि गटारांचा. पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने क्षारता खाली येते, तेव्हा तर नकोच. पाकिटातलं समुद्रमीठ महाग पडतं, पण रात्री झोप लागते.

---

खारट_ठाणेकर · १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

चमत्कार! १६ तारखेला अमोनिया शून्याजवळ आला. दुसरा डोस दिला, तो दोन दिवसांत गायब. १८ला तिसरा, तो २४ तासांत. आज चौथा. नायट्राइटची टेस्ट गडद जांभळी. काका, ताई, दहा दिवसांत सायकल संपली म्हणायची का? दुकानदाराचा फोन आला होता.

---

दर्याकाका · २० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

पहिली टेकडी उतरलात. दुसरीच्या पायथ्याशी आहात. दुकानदाराला सांगा आजोबा आजारी आहेत.

---

खारट_ठाणेकर · २७ नोव्हेंबर, रात्री ११:००

मंडळी, अडकलो.

२० आणि २१ तारखेलाही डोस दिले, म्हणजे एकूण सहा. त्यानंतर थांबवले. अमोनिया पक्का शून्य. पण नायट्राइट नऊ दिवस तसंच जांभळं, कार्डावर ५ पीपीएम हा शेवटचा रंग आहे आणि माझी नळी त्याहूनही गडद. नायट्रेट ८०, लालभडक. नायट्रेट एवढं आहे म्हणजे दुसरी टोळी काम करतेय ना? मग नायट्राइट उतरत का नाही? पीएच ७.७ दाखवतोय, आधी ८.२ होता.

आणि हो, दुकानदाराने जोडी विकली. टोकन "पुढच्या खरेदीत वळतं करू" म्हणाला.

---

जुना_जाणता · २७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

डॅमसेल टाकले असते तर.

---

सांडपाणीवाली · २८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ठाणेकर, रोज अमोनिया द्या असं कुणी सांगितलं होतं? अमोनिया गेला की डोस, गेला की डोस. पहिली टोळी खूश होऊन सगळं दुसरीच्या दारात टाकत राहिली.

बेरीज करा. सहा डोस गुणिले २, म्हणजे १२ पीपीएम अमोनिया. अमोनियाचा रेणू १७ वजनाचा, नायट्राइट ४६ वजनाचं. १२ पीपीएम अमोनियाचं नायट्राइट झालं ३२ पीपीएम. तुमच्या कार्डाला पाचापुढे मोजता येत नाही, म्हणून ते नऊ दिवस एकच रंग दाखवतंय. आज असं करा : टँकचं पाणी एक भाग, टँकमध्ये न घातलेलं ताजं मीठपाणी नऊ भाग, त्याची टेस्ट घ्या आणि आकड्याला दहाने गुणा.

नायट्रेटच्या ८० वर विश्वास ठेवू नका. ती टेस्ट नायट्रेटचं आधी नायट्राइट करते आणि मग त्याचा रंग मोजते. पाण्यात आधीच नायट्राइट ठासून असेल तर तेही त्यात मोजलं जातं. (आणि नायट्रेटची दुसरी बाटली वापरण्याआधी जोरात हलवता ना? त्यातली पूड तळाला बसते. माझ्या ज्युनियरांना हे दर पावसाळ्यात नव्याने सांगावं लागतं.)

पीएच का पडला? अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं, ते क्षारीयता खातं. अमोनियातल्या प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. तुमच्या एका डोसने केएच (क्षारीयतेचं अंशांतलं माप) साधारण ०.६६ उतरला, सहा डोसने ४. सुरुवातीला साडेआठ असेल तर आत्ता साडेचारच्या आसपास सापडेल. मोजा.

शेवटचा संशय फॉस्फेटवर. सुका दगड, आरओचं पाणी, स्वच्छ मीठ, शुद्ध अमोनियम क्लोराइड. नायट्रोजन भरपूर, पण फॉस्फरस आणणार कोण? पेशी बांधायला तो थेंबभर का होईना लागतो आणि त्याच्या अभावी नायट्राइट खाणारी टोळी आधी बसकण मारते. आमच्याकडे काही कारखान्यांच्या पाण्यात असं होतं तेव्हा आम्ही फॉस्फोरिक आम्ल देतो. तुम्ही ते चिमूटभर मासेखाद्य बंद केलंत, बरोबर?

---

खारट_ठाणेकर · २८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ताई, अंगावर काटा आला. दहापट पातळ करून टेस्ट : २ आणि ५ यांच्या मधला रंग, म्हणजे ३० धरू. केएच साडेचार. फॉस्फेटची टेस्ट मित्राकडून आणली : शून्य. आणि हो, १२ तारखेपासून खाद्य बंद केलं होतं. "दोन पायऱ्या कशाला" हे तुमचं वाक्य शिरसावंद्य मानून!

---

सांडपाणीवाली · २८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

खिक्क. ही चूक माझीच, तेव्हाच सांगायला हवं होतं. आमच्या पाण्यात फॉस्फरस बहुधा आयता येतो, त्यामुळे लक्षातच आलं नाही.

आता अर्धं पाणी बदला. नायट्राइट १५ वर येईल आणि नव्या मिठाबरोबर केएच साडेसहा होईल. वर २ अंश हवेत तर खायचा सोडा १२ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत विभागून. बेकिंग पावडर नव्हे. आणि खाद्य, एक चिमूट, दिवसाआड.

---

दर्याकाका · २९ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

ताईंचं गणित बिनचूक आहे. फक्त पाणी बदलण्याबद्दल मी थोडा वेगळा आहे. सोडा आणि खाद्य देऊन नुसती वाट बघितली तरी दोन-तीन आठवड्यांत उतरेल. १०० लिटर म्हणजे साडेतीन किलोहून जास्त मीठ. आता पाणी बदलाल आणि शेवटी नायट्रेट उतरवायला पुन्हा बदलाल.

---

सांडपाणीवाली · २९ नोव्हेंबर, सकाळी ७:००

मान्य. पण धाग्याचं नाव "लवकर कशी उरकायची" असं आहे.

---

नाशिकची_थंडी · २९ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

एक भर घालते. आमच्याकडे रात्री चार तास वीज गेली होती, सायकल चालू असताना. मासा नव्हता म्हणून मी निवांत झोपले. सकाळी टँकला कुजका वास. बॅक्टेरियांनाही श्वास लागतो हे डोक्यातच आलं नाही. बॅटरीचा एअर पंप दोन-चारशेला मिळतो, पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि घरातल्या आरओचं पाणी वापरणाऱ्यांनी एकदा टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) लावून बघा. चव येण्यासाठी त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. माझा ९० दाखवत होता आणि मी त्याला शुद्ध समजत होते.

---

शंकासुर · २९ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशाला बाधत नाही असं काकाच वर म्हणाले. मग त्याच्यासाठी एवढा आटापिटा का? सोडा मासे.

---

दर्याकाका · २९ नोव्हेंबर, दुपारी १:००

यावेळी प्रश्न चांगला आहे. बरेच जुने रीफवाले (प्रवाळांचे टँक ठेवणारे) नायट्राइट मोजतही नाहीत. माझ्या मते अनुभवी माणसाने मासा सोडला तर चालेल. पण ३० हा आकडा मलाही जड वाटतो. आणि केएच साडेचार, पीएच ७.७ अशा पाण्यात मासा सोडायचं कारण काय? ठाणेकरांची जोडी तशीही गेली आहे.

---

खारट_ठाणेकर · ९ डिसेंबर, रात्री १०:५०

२९ला १०० लिटर पाणी बदललं. बाल्कनीत दोन पिंपं, ढवळायला जुना पॉवरहेड (छोटा पंप). सोडा दिला. खाद्याची चिमूट पडायला लागली.

३ तारखेपर्यंत काहीच नाही. ४ला दहापट पातळ केलेली नळी जांभळीऐवजी फिकट. ५ला पातळ न करताही कार्डावर रंग सापडला. ७ला सकाळी खिडकीपाशी, पांढऱ्या कागदासमोर धरून बघितली : आकाशी. नितळ आकाशी! म्हणजे शून्य. एलईडीच्या पिवळ्या उजेडात हाच रंग राखाडी दिसत होता, त्यामुळे टेस्ट आता दिवसाच घेतो.

काल रात्री दहाला परीक्षेचा डोस, ५० मिलि. आज रात्री दहाला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट २० आणि ४०च्या मधलं.

पाणी भरल्यापासून ४२वा दिवस. काकांनी पहिल्याच प्रतिसादात चार ते सहा आठवडे लिहिलं होतं.

---

कल्याण_खाडी · ९ डिसेंबर, रात्री ११:१०

अभिनंदन! स्पंज परत नको, ठेवा. पुढच्या माणसाला तुमच्याकडून द्या.

---

दर्याकाका · १० डिसेंबर, सकाळी ६:२०

छान. आता ४० टक्के पाणी बदला, तापमान रोज अर्धा-एक अंश करत २६ वर आणा, मग मासे. दोनच. पहिले दहा दिवस खाद्य हात राखून, अमोनियाची टेस्ट एक दिवसाआड. मासे यायला आठवड्याहून जास्त लागणार असेल तर अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकत राहा, नाहीतर टोळी उपाशी राहील.

क्लाउनफिश पैदास केलेलेच घ्या. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण उरलेलं नाही. टँकमध्ये जन्मलेले खाद्यही पटकन घेतात.

---

खारट_ठाणेकर · १७ डिसेंबर, रात्री ९:३०

जोडी आली, पैदाशीची, अंगठ्याएवढी. टोकनचे ५०० वळते झाले. पहिली रात्र दोघं हीटरच्या मागे एकमेकांना चिकटून. आज दोघांनी खाल्लं. अमोनिया शून्य.

पण आता वाळूवर आणि दगडावर तपकिरी साय धरलीय. बोटाने पुसली की जाते, संध्याकाळी परत. काय चुकलं?

---

दर्याकाका · १७ डिसेंबर, रात्री ९:४५

काही नाही. डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. नव्या टँकमधलं सिलिकेट संपलं की जातील. मग हिरवं येईल. गोगलगायी घ्या.

---

खारट_ठाणेकर · १७ डिसेंबर, रात्री १०:००

किती दिवस?

---

सांडपाणीवाली · १७ डिसेंबर, रात्री १०:०२

ठाणेकर, नवा धागा काढा. आणि त्याच्या नावात "लवकर" नको.

---

खारट_ठाणेकर · १७ डिसेंबर, रात्री १०:१०

बायको शेजारी बसून वाचतेय. ती आता रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर खुर्ची ओढून बसते. मोठ्या माशाचं नाव तिने ठेवलं : नवसागर.